न्योर्डलिंगनचं विवर पाहायचं कसं?

मी मेहकरचा. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी पोरांना लोणारला नेलं. त्यामुळे लेकीकडे जर्मनीत आउग्सबुर्गला गेल्यावर तिथल्या बव्हेरिया प्रांतातलं हे उल्कापाताचं गाव पाहायचंच होतं. डोनाउवर्थला गाडी बदलली, न्योर्डलिंगनला उतरलो आणि नातवानं विचारलं, "आजोबा, खड्डा कुठंय?" चहूकडे सपाट शेतं. मलाही पटकन बोट दाखवता येईना.

लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं. काठावर उभं राहिलं की एका नजरेत सामावतं. इथलं रीस विवर साधारण २४ किलोमीटर रुंद, दीड कोटी वर्षांपूर्वीचं. आत नंतर तळं झालं, ते गाळानं भरलं आणि त्याच गाळावर आज शेती होते. गाव विवराच्या पोटात आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंत तटबंदीचा गोल दिसतो, त्यालाच लोक विवर समजतात. तो गोल माणसांनी बांधलेला. विवर त्याच्या वीसपट तरी मोठं.

म्हणून आधी चढायचं. आम्ही आधी तटावर फिरलो आणि तासभर नुसती लाल कौलं पाहिली, ती चूक तुम्ही करू नका. सेंट गेऑर्ग चर्चचा ९० मीटर उंच मनोरा, गावकरी त्याला 'डानियल' म्हणतात. पायऱ्या ३५०. माझ्या गुडघ्यांना तीनदा टेकावं लागलं. वर गेल्यावर घरं सोडा, थेट क्षितिजाकडे बघा. सगळीकडून झाडीनं झाकलेली बुटकी टेकड्यांची रांग दिसते. तोच काठ. हवा स्वच्छ असलेला दिवस निवडा, धुक्यात चढून फुकट दमाल.

खाली आलात की चर्चच्या भिंतीजवळ जा, अगदी नाक लागेल इतकं. हा दगड स्युव्हाइट. करडा, थोडा खरबरीत, ठिसूळ. त्यात काळपट काचेचे चपटे तुकडे रुतलेले. आघातात खडक वितळून झालेली ही काच. इथले लोक तिला 'फ्लेडले' म्हणतात, म्हणजे सूपमध्ये घालतात त्या धिरड्याच्या पट्ट्या! आत हिरेही आहेत, पण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. नातू नखानं कोरायला लागला होता, त्याला आवरलं.

हा दगड ज्वालामुखीच्या खडकासारखा दिसतो, त्यामुळेच पूर्वी रीसला ज्वालामुखी मानत. लोणारबाबतही बराच काळ तसंच चाललं होतं. १९६० मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर इथे आले, त्यांनी जवळच्या खाणीतले नमुने घेतले आणि सहकारी एडवर्ड चाओ यांच्यासोबत त्यांत कोएसाइट शोधून काढलं. प्रचंड दाबाखालीच तयार होणारं हे खनिज. उल्कापाताचा पुरावा तोच. १९७० मध्ये अपोलो १४ या चंद्रमोहिमेचे अंतराळवीर खडक ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. रीस विवर संग्रहालयात चंद्रावरचा खडकही ठेवलाय. संग्रहालयाला दोन तास द्या.

तटबंदी शेवटी, निवांत. २.७ किलोमीटरची पूर्ण फेरी छपराखालून चालता येते, दरवाजे पाच. १६३४ मध्ये, युरोपातल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'त, गावाजवळच स्वीडिश सैन्याचा मोठा पराभव झाला. नंतर गावाचं वैभव ओसरलं. वाढ खुंटली म्हणूनच तट पाडायची कुणाला गरज पडली नसावी, असं मला वाटतं. एगर नदीकाठच्या चांभारगल्लीत वरच्या मजल्यांवर मोकळे सज्जे दिसतील. कातडी कमावणारे तिथे कातडी वाळवत.

जमलं तर मुक्काम करा. रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासानं डानियलवरचा पहारेकरी ओरडतो, "सो, ग्सेल, सो!" म्हणजे "असं आहे गड्या, असं!" एका रात्री वेशीचा दरवाजा उघडा राहिला होता आणि तो एका डुकरिणीमुळे कळला, अशी त्यामागची दंतकथा. साडेदहाची हाक ऐकली आणि आमच्या नातवानं खिडकीतून तितक्याच जोरात उत्तर दिलं. लेक म्हणाली, "बाबा, याला आवरा, शेजारी झोपलेत."