नव्या पीसीवर विंडोज टाकताना ड्राइव्ह दिसत नसेल तर

आधी बायोस (पीसी सुरू होतानाच उघडणारा सेटिंग्जचा मेनू) उघडून पाहा. एनव्हीएमई ड्राइव्ह (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारा पातळ एसएसडी) तिथेही नसेल, तर दोष विंडोजचा नाही. वीज बंद करा, ड्राइव्ह काढून तिरका धरत स्लॉटमध्ये पूर्ण आत सरकवा, मग स्क्रू लावा.

बायोसमध्ये दिसतो, पण इन्स्टॉलरमध्ये नाही? इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे याचं कारण बहुधा व्हीएमडी (ड्राइव्ह हाताळणारी इंटेलची सोय) असतं. रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून वापरणं) नको असेल तर बायोसमध्ये ते बंद करणंच उत्तम. पण हे इन्स्टॉल करण्याआधीच करा. नंतर बदललं तर विंडोज सुरू होताना निळा स्क्रीन येऊ शकतो. व्हीएमडी ठेवायचंच असेल, तर मदरबोर्डच्या साइटवरून आरएसटी ड्रायव्हर (इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर) घ्या, झिप उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा (इन्स्टॉलर झिपच्या आत पाहत नाही) आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून निवडा.

फायली कॉपी होताना मध्येच एरर आली, तर बायोसमधली एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून एकाच रॅम स्टिकवर पुन्हा करून पाहा.