एका परातीत तीन समुद्र

सागरजलाची क्षारता दाखवायची म्हटलं की शाळेच्या प्रदर्शनात चार बाटल्यांत चार मापांचं मीठ घालून मांडतात. त्यातून फरक कळतो, कारण कळत नाही. समुद्रातलं मीठ जवळपास तेवढंच राहतं. जातं-येतं ते पाणी. म्हणून एकाच पाण्यापासून सगळे समुद्र करावेत.

आधी अरबी समुद्र. ९६४ ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ, म्हणजे क्षारता दर हजारी ३६. पाणी आरओचं घ्या. बोअरच्या पाण्यात क्षार आधीच असतात, गीझरची कॉइल बघा. बारीक मिठाने पाणी गढुळतं, म्हणून खडेमीठ बरं. पण ते ओल धरतं. तव्यावर कोरडं करून मगच तोला. काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. घरातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) इथे उपयोगाचा नाही, एवढ्या खारट पाण्याला त्याची मजल पोचत नाही.

हे किलोभर पाणी स्टीलच्या परातीत ओतून (ॲल्युमिनियम नको, मीठ ते खातं) परातीसकट वजन लिहून ठेवा आणि गच्चीवर ठेवा. सोलापूरच्या एप्रिलच्या दुपारी अर्ध्या अर्ध्या तासाने तोलत राहा. वजन १०० ग्रॅमने उतरलं की ३६ ग्रॅम मीठ ९०० ग्रॅम द्रावणात उरलं: क्षारता ४०. हा उत्तरेकडचा तांबडा समुद्र. तिथे हेच घडतं: नद्या जवळपास नाहीत, पाऊस नावापुरता, वर्षाकाठी सुमारे २ मीटर पाण्याची वाफ होते आणि बाहेरच्या समुद्राशी जोडणारी बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी अरुंद. वजन जास्त उतरलं तर साधं पाणी घाला, मिठाचं नव्हे. उडालं ते साधंच होतं.

बंगालच्या उपसागरासाठी दुसऱ्या किलोभर अरबी समुद्रात २०० ग्रॅम साधं पाणी मिसळा. क्षारता ३० येते. पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तर भागात ती याहूनही खाली जाते. हे पाणी आणतात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा. उजनी धरणातून सोडलेलं पाणीही भीमेतून कृष्णेला आणि तिथून उपसागरालाच मिळतं. आपल्याला जवळचा अरबी समुद्र, पण आपला पाऊस जातो पलीकडे. उत्तर युरोपातला बाल्टिक समुद्र हवा असेल तर १०० ग्रॅम अरबी समुद्रात ४१४ ग्रॅम पाणी: क्षारता ७.

आता काचेच्या ग्लासात तळाशी ४० चं पाणी घ्या. ३० च्या पाण्यात खाण्याचा रंग टाकून ते चमच्याच्या पाठीवरून थेंबाथेंबाने सोडा. रंग वर तरंगत राहतो. उपसागरातही गोड्या पाण्याचा असाच हलका थर वर बसतो आणि खालचं थंड पाणी वर येऊ देत नाही.

थर बसला नाही तर मिठाआधी तापमान तपासा. परातीतलं पाणी गच्चीवरून थेट आणलेलं असतं, दुसरं माठाशेजारचं. १५ अंशांचा फरक क्षारतेतल्या ६ च्या फरकाइतकी घनता सहज खाऊन टाकतो. दोन्ही ग्लास तासभर एकाच बादलीत ठेवा, मग ओता.