ग्राफ्टचे दाणे बाहेर येतायत? स्टिकी बोन असं बनवा

दाढ काढलेल्या सॉकेटमधे (हाडातल्या खड्ड्यात) ग्राफ्ट, म्हणजे नवं हाड यावं म्हणून घालायचे दाणे, भरलं आणि टाके घालताना अर्धे दाणे लाळेबरोबर बाहेर, हे प्रॅक्टिस नुकती सुरू केलेल्या बऱ्याच जणांचं होतं. दाणे हलत राहिले की नव्या रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, हाडाऐवजी मऊ टिश्यू भरतो. म्हणून ते दाणे पेशंटच्याच रक्तातल्या फायब्रिनने (गुठळी बांधणारं धाग्यांसारखं प्रथिन) चिकटवून घ्यायचे, हेच स्टिकी बोन.

आधी पेशंटशी बोला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारा, आणि ग्राफ्ट गायीच्या हाडापासूनचं असेल तर ते स्पष्ट सांगा, आपल्याकडे कित्येकांना चालत नाही आणि लपवणं मला अजिबात पटत नाही. बीटा-टीसीपीसारखं (एक प्रकारचं कॅल्शियम फॉस्फेट) सिंथेटिक आहेच की.

आता रक्त. दोन प्रकारच्या ट्यूब लागतात, लाल टोपीच्या (गुठळीसाठी) आणि पांढऱ्या टोपीच्या साध्या प्लास्टिकच्या (लिक्विड फायब्रिनोजेनसाठी, म्हणजे ज्यापासून फायब्रिन बनतं ते न गोठलेलं प्रथिन), दोन्हीत रक्त न गोठण्याचं औषध नको. खरी घाई इथेच आहे, रक्त काढलं की मिनिटभरात सेंट्रिफ्यूज (ट्यूब वेगाने फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं मशीन) चालू झालंच पाहिजे, त्यामुळे असिस्टंट मशीनपाशी तयार उभा हवा. ट्यूब समोरासमोर जोडीने ठेवा. वेग २७०० आरपीएम (मिनिटाला फेरे), म्हणजे साधारण ४०८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०८ पट जोर), पण रोटर (ट्यूब बसवायचा फिरता भाग) लहानमोठा असला की तेवढ्याच आरपीएमला जी बदलतो, तेव्हा आपल्या मशीनचा हिशोब करून घ्या. ३ मिनिटांनी थांबवून पांढऱ्या काढा, लाल अजून ९ मिनिटं फिरू द्या.

पांढऱ्या ट्यूबमधला वरचा पिवळा भाग सिरिंजमधे ओढा, लाल थराला सुई लावू नका. लालमधल्या गुठळ्या दाबून मेम्ब्रेन (पातळ पडदे) करा. दोन मेम्ब्रेन बारीक कापून अर्धा ग्रॅम ग्राफ्टमधे मिसळा, वरून १ मिली पिवळं लिक्विड, ५-१० सेकंद हलक्या हाताने ढवळत आकार द्या. थोड्या वेळात वडी थापल्यासारखं घट्ट होतं, चिमट्याने अख्खं उचलता येतं.

सॉकेट मात्र आधीच नीट खरवडलेलं हवं, इन्फेक्शनचा कणही नको, हाडातून ताजं रक्त येत असलं पाहिजे. कोरड्या हाडावर ग्राफ्ट चिकटेल पण जगणार नाही. ठेचून भरू नका, वर उरलेली मेम्ब्रेन टाका आणि हिरडी न ताणता टाके घाला. सॉकेटची हाडाची भिंतच गेलेली असेल तर हे एकटं पुरत नाही, फायब्रिन वजन पेलत नाही, तिथे टायटॅनियम मेश (जाळी) किंवा टेंटिंग स्क्रू (वरची हिरडी तंबूसारखी उचलून धरणारा) यांसारखा आधार लागतो.