बिअरची भिशी: गोव्यात मित्रांसोबत नव्या बिअर कशा चाखाव्यात

गोव्यात बिअर मिळवणं सोपं, निवडणं अवघड. म्हापशाच्या किंवा पर्वरीच्या एखाद्या मोठ्या दुकानात फ्रीजसमोर उभं राहिलं की लेबलांची रांगच दिसते, आणि बहुतेक जण शेवटी नेहमीचीच बाटली उचलून बाहेर पडतात. नवी घेतली आणि नावडली तर पैसे वाया, ही धास्ती असते. यावरचा उपाय आपल्याकडे आधीपासूनच आहे: भिशी. महिन्यातून एकदा जमायचं, वर्गणी काढायची, चार नव्या बिअर आणायच्या आणि सगळ्यांनी थोडी थोडी चाखायची. पैसे वाचतात हा झाला एक फायदा. खरी गंमत दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवल्यावर येते. एकटी बिअर पिताना ‘बरी आहे’ यापलीकडे काही सुचत नाही. जोडीला दुसरी आली की एकीत कडूपणा पहिल्याच घोटाला लागतो आणि दुसरीत गिळल्यानंतर, हे जिभेला आपसूक कळतं.

माणसं आणि माप

सहा जण असले की हिशेब नेमका जमतो. 650 मिलीच्या एका बाटलीत सहा जणांना प्रत्येकी 100 मिली मिळते; 330 मिलीच्या दोन कॅनमध्येही तेवढंच. 500 मिलीचा कॅन पाच जणांना पुरतो. चार बिअर झाल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला 400 मिली, म्हणजे एका मोठ्या बाटलीपेक्षा कमीच. हे माप कुणीही ओलांडू नये, कारण त्यापुढे जीभ बोथट होते आणि सगळ्याच बिअर छान लागू लागतात. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय 21 आहे. घरचं पोर कितीही मोठं दिसत असलं तरी त्यात सूट देऊ नका.

यजमान दर महिन्याला बदलावा. खरेदी त्याने करायची आणि बिल सगळ्यांना दाखवायचं. वर्गणी म्हणजे आणलेल्या बाटल्यांचा खर्च वाटून घेणं, एवढंच. बाहेरच्यांना बोलावून पैसे घ्यायला लागलात तर ती विक्री झाली आणि त्याला परवाना लागतो.

विषय ठरवून खरेदी

हाताला लागतील त्या चार बिअर आणू नका. दर बैठकीला एक विषय ठेवा. पहिल्या वेळी लागर (थंड तापमानात हळूहळू आंबवलेली, स्वच्छ चवीची बिअर) घ्या, कारण सगळ्यांना ओळखीची असते आणि तिच्यात काही लपत नाही. किंग्जसारखी गोव्याची जुनी पिल्सनर (लागरचाच एक प्रकार) आणि तिच्या जोडीला दुसऱ्या तीन लागर असल्या की बैठक मस्त होते. दुसऱ्या वेळी गव्हाच्या बिअर. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही. हा वास यीस्ट तयार करतं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. ‘माका दी’ची बेल्जियन ब्लांश या घराण्यातली. तिसऱ्या वेळी हॉप्सवाल्या (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) कडवट आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. गोवा ब्रूइंग कंपनीची ‘एट फिंगर एडी’ अवश्य ठेवा. साठच्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या एका हिप्पीचं ते टोपणनाव आहे.

खरेदी करताना आधी तारीख बघा. हॉप्सचा सुगंध सगळ्यात लवकर उडतो, त्यामुळे आयपीए जितकी ताजी तितकी बरी. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या खोक्यातली बाटली कधीच घेऊ नका. ऊन लागलं की हॉप्समधले घटक फुटतात आणि उग्र, जळक्या रबरासारखा वास येतो. तपकिरी काच बऱ्यापैकी आडोसा देते, हिरवी आणि पारदर्शक फारच कमी, कॅनमध्ये तर उजेडच शिरत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर पारदर्शक ग्लासात थोडी बिअर ओतून दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटं ठेवा, तीच बिअर दुसऱ्या ग्लासात सावलीत ठेवा, मग दोन्ही झाकून फ्रीजमध्ये थंड करून हुंगा. माझ्या मते कुठल्याही भिशीने हा प्रयोग पहिल्याच बैठकीत करावा.

ग्लास आणि थंडावा

फ्रीझरमध्ये पांढरे पडलेले ग्लास वापरू नका. अतिथंड बिअरला वास नसतो, आणि चवीचा निम्म्याहून जास्त भाग नाकातच असतो. लागर 4 ते 7 अंशांवर चांगली लागते, एल (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर) आणि तिचाच प्रकार असलेली आयपीए 8 ते 12 वर. आपल्याकडच्या उकाड्यात एल दहा मिनिटं आधी बाहेर काढली तरी पुरे. ग्लास साबणाचा अंश न ठेवता धुवा आणि उपडे घालून वाळवा. ओतल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर तिथे तेलकटपणा राहिला आहे असं समजावं. ओतताना आधी ग्लास तिरका, अर्धा भरला की सरळ. फेस हवाच, बोटभर तरी. वास त्याच्याबरोबरच वर येतो.

प्रत्यक्ष चाखणं

त्या संध्याकाळी न पिणारा एक जण हवाच. गाडी चालवणारा तोच असावा, आणि ओतण्याचं कामही त्याच्याकडे द्यावं. तो स्वयंपाकघरात बाटल्या उघडतो, ग्लासांना आकडे चिकटवतो आणि आणून ठेवतो. कुठला आकडा कुठल्या बिअरचा, हे फक्त त्यालाच ठाऊक. लेबल दिसलं की किंमत दिसते, आणि किंमत दिसली की जीभ खोटं बोलते. हलकी आधी, कडवट आणि गडद नंतर, हा क्रम त्यानेच सांभाळायचा.

आधी उजेडात धरून रंग बघा, मग हुंगा, मग छोटा घोट तोंडात फिरवून गिळा. इथे थुंकून चालत नाही, कारण कडूपणा घशाच्या जवळ जास्त कळतो. मग लगेच लिहा, आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. हा नियम सगळ्यात कठीण, पण त्याच्याशिवाय भिशीला अर्थ नाही. मोठ्या आवाजाचा दादा ‘एकदम कडक’ म्हणाला की बाकीचे पाच जण तेच लिहितात. लिहिताना आपल्या नाकाच्या ओळखीचे वास धरा: पपनसाची साल, काजूचं बोंड, खरपूस भाजलेली भाकरी, काकवी, ओला पुठ्ठा. ओला पुठ्ठा लिहिलात तर ती बिअर शिळी झालेली असण्याची शक्यता बरीच. लोण्यासारखा वास लागरमध्ये दोष मानतात.

चखणा थांबू दे. दोन बिअरच्या मध्ये पाणी आणि पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) साधा उंडो, म्हणजे गोल पाव, बस्स. तळलेली मासळी, चिली-फ्राय, फरसाण हे सगळं आकडे उघडल्यावर. तिखट जिभेवर असताना कडूपणाबद्दल काहीही सांगता येत नाही.

घरी जाताना

गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. बैठक यजमानाच्या घरातच असावी, किनाऱ्यावर उघड्यावर नको. सावंतवाडी-बांद्याहून येणाऱ्या मित्रांनी उरलेल्या बाटल्या सोबत नेऊ नयेत. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी असते.

श्रावण पाळणारे बरेच असतात, म्हणून चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत भिशी बंद ठेवलेली बरी. त्या काळासाठी आयपीए आधीच आणून साठवू नका. चवथीनंतर दुकानात जाऊन ताज्या तारखेची घ्या.