सातपुड्यातला वणवा कॅमेऱ्याने ओळखायचाय? या चुका टाळा

बहुतेक जण आधी ज्वाळांचे फोटो गोळा करतात. पण यावलच्या किंवा तोरणमाळच्या डोंगरात दूर आग लागली की टेकडीवरच्या कॅमेऱ्याला आधी दिसतो तो झाडीतून वर येणारा फिकट धूर. ज्वाळा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तेव्हा मॉडेलला, म्हणजे चित्रं पाहून शिकणाऱ्या संगणक प्रोग्रामला, धूर शिकवा, तोही पहिल्या काही मिनिटांचा.

तो धूर चित्रात फार लहान असतो. ३०७२ पिक्सेल रुंदीची फ्रेम ६४० वर आणली, की ४० पिक्सेलचा धूर जेमतेम आठचा उरतो. फ्रेम आक्रसू नका, तुकडे पाडून तपासा.

कॅलिफोर्नियातल्या कॅमेऱ्यांचा फिगलिब हा डेटासेट (तयार चित्रसंच) सुरुवातीला चांगला. त्यात एकेका आगीची मिनिटामिनिटाची चित्रं आहेत. ती सरसकट पिसून ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायची चित्रं) आणि टेस्टमध्ये (त्याची परीक्षा घ्यायची चित्रं) वाटली, तर एकाच आगीची शेजारची मिनिटं दोन्हीकडे जातात आणि अचूकता खोटी फुगते. वाटणी आगीनुसार करा. कॅमेऱ्यानुसार केलीत तर आणखी चांगलं.

खरी डोकेदुखी खोट्या अलर्टची. खानदेशात उन्हाळ्याच्या तोंडावर धूर कुठे नसतो? बांधावर कापसाच्या पऱ्हाट्या पेटतात, वीटभट्ट्या चालू असतात, भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी असते, अक्कलकुव्याकडे काठी गावची होळी असते. वर वावटळीची धूळ. हे सगळं ‘वणवा नाही’ म्हणून इथल्याच कॅमेऱ्यांतून भरपूर गोळा करा, परदेशी डेटात ते मिळणार नाही. मात्र मोहाची फुलं वेचण्यासाठी झाडाखाली पेटवलेला पाला या यादीत टाकू नका. कितीतरी वणवे तिथूनच सुरू होतात. त्याला वेगळं लेबल द्या.

एकाच फ्रेमवर निर्णयही नको. मागच्या काही मिनिटांच्या फ्रेम सोबत दिल्या की फरक कळतो: वावटळ सरकत जाते, चिमणीचा धूर रोज त्याच जागेवरून निघतो, वणव्याचा धूर नव्या जागी उगवून वाढत जातो. अलर्ट फार येतात म्हणून शेताचा सगळा भाग मास्क करणारेही, म्हणजे तपासणीतून वगळणारेही आहेत. तसं केलं तर बांधावरून जंगलात चढणारी आग सुटते. मास्क फक्त चिमणी-भट्टीपुरता ठेवा.

ठरावीक वेळीच अलर्ट चुकत असतील तर मॉडेल बदलण्याआधी काच पुसा. पश्चिमेकडे तोंड असलेला कॅमेरा संध्याकाळी उन्हाने आंधळा होतो, त्या वेळेपुरता दुसऱ्या टेकडीवरचा कॅमेरा धरा.

शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या डोक्यातच नसतो. एक कॅमेरा दिशा सांगतो, अंतर नाही. दोन कॅमेऱ्यांच्या दिशारेषा जिथे छेदतात ती जागा काढा आणि वनरक्षकाला जंगलाच्या कक्ष क्रमांकासह साध्या एसएमएसने कळवा. डोंगरात इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.