दूरवरचा मोडेम बदलण्याआधी परतीची वाट ठेवा

दूरच्या मोडेमवर कमांड देऊन सेटिंग बदलताना मोठा धोका असतो तो आपणच बाहेर अडकण्याचा. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा उपकरणाचा क्रमांक) किंवा फायरवॉलचा (कोणती जोडणी आत येऊ द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेचा) एखादा नियम चुकला की जोडणी तुटते, आणि मग कुणाला तरी प्रत्यक्ष तिथे जावं लागतं. म्हणून आधी चालू सेटिंगचा बॅकअप घ्या आणि रीबूटची वेळ लावून ठेवा. सिस्को या कंपनीच्या नेटवर्क उपकरणांवर ‘रीलोड इन १०’ दिलं की दहा मिनिटांनी ते आपोआप रीस्टार्ट होतं. बदल अजून सेव्ह केलेले नसल्यामुळे जुनी सेटिंग परत येते. सगळं नीट चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’ द्या आणि मगच सेव्ह करा. हा क्रम उलटा करू नका. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये याच कामासाठी सेफ मोड आहे, म्हणजे जोडणी तुटली तर केलेले बदल आपोआप मागे घेतले जातात. तो जरूर वापरा.

दूरवरून लॉगिन करण्याच्या दोन पद्धतींपैकी टेलनेट नको, सगळं सांकेतिक रूपात पाठवणारी एसएसएच घ्या. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो, वाटेत कुणीही वाचू शकतो. कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच पासवर्ड वापरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती. शक्य असेल तर दूरस्थ प्रवेश फक्त आपल्या ठरावीक आयपीपुरताच खुला ठेवा.