दशावतारी गंजिफा दुकानात नेण्यापूर्वीची तयारी

दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांवर रचलेला गोल पानांचा जुना पत्त्यांचा खेळ, नवख्या खेळाडूंना शिकवायला किंवा एखाद्या दुकानदाराला दाखवायला निघताना पिशवीत सर्वांत आधी क्रमपट्ट्या ठेवाव्यात. पानांचा संच त्यानंतर ठेवला तरी चालेल. क्रमपट्टी म्हणजे दहाही रंगांची (इस्पिक-बदामसारख्या गटांची) चिन्हे आणि प्रत्येक रंगातील पानांचा वरपासून खालपर्यंतचा क्रम दाखवणारा, पोस्टकार्डाएवढा जाड कागद. तो प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र हवा, आणि शेजारी उभे राहून पाहणाऱ्यांसाठी दोन जादा हवेत. मागच्या खेपेस मी पट्ट्या केल्याच नव्हत्या आणि मांडलेला डाव अर्ध्यावर मोडला, म्हणून ही यादी लिहीत आहे.

पट्टीवाचून का अडते, ते आधी नीट समजून घ्यावे. संचात १२० पाने असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. राजा सर्वांत वर आणि त्याखाली प्रधान, हे दहाही रंगांत सारखेच असते. त्यापुढे मात्र पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान असतो, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का प्रधानाच्या लगेच खाली येतो आणि दश्शी तळाला जाते. बावन्न पानांच्या पत्त्यांवर हात बसलेला माणूस उलट क्रमाच्या रंगातली दश्शी मोठ्या विश्वासाने टाकतो, समोरचा दुर्री टाकून तो हात उचलतो, आणि आपल्यापासून नियम लपवून ठेवला गेला अशी त्याची समजूत होते. तोंडी कितीही वेळा सांगितले तरी उपयोग होत नाही, कारण दहा अपरिचित चिन्हांपैकी कोणती पाच उलट आहेत हे पहिल्या तासाभरात कोणाच्याही ध्यानात राहू शकत नाही. शिकवणाऱ्याला सगळे पाठ असल्यामुळे त्याला ही अडचण दिसतच नाही, आणि नेमक्या याच कारणाने पट्टी करायची राहून जाते.

पट्टी स्वतःच्या हातातल्या संचावरूनच तयार करावी, दुसऱ्या कोणत्याही चित्रावरून उतरवून घेऊ नये. चिन्हे सगळीकडे सारखी नसतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे आणि परशुरामाच्या पानांवर परशू ओळखायला सोपे जातात. पण रामाच्या रंगाला कुठे बाण असतात तर कुठे वानर, आणि ओडिशाकडच्या संचांत बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. प्रत्येक चिन्हापुढे अवताराचे नाव लिहावे, त्यापुढे क्रम आकड्यांनी पूर्ण लिहावा, ‘बाकीचे उलट’ अशी टीप देऊन मोकळे होऊ नये. सुलट क्रमाचे पाच रंग एका बाजूला आणि उलट क्रमाचे पाच दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांच्यामागे दोन वेगळ्या फिकट छटा द्याव्यात. अक्षर मोठे असावे, कारण या खेळाला हमखास येऊन बसतात ते आजोबाआजींच्या वयाचे लोक असतात, आणि त्यांच्यापैकी एखाद्याने लहानपणी घरात गंजिफा पाहिलेलीही असते. पट्टीच्या मागे खेळाचे नियम लिहावेत. ते घराघरांत आणि गावागावांत बदलतात, विशेषतः उतारीच्या, म्हणजे हात सुरू करताना टाकलेल्या पानाच्या, रंगाचे पान हातात असताना तेच टाकणे बंधनकारक आहे की नाही याबाबत. म्हणून एक पद्धत आधी निवडावी, ती लिहून काढावी आणि त्या दिवशी तिच्यात बदल करू नये.

संच दोन न्यावेत. हाताने रंगवलेला संच दाखवण्यासाठी आणि जाड कागदावर छापून कापलेला साधा संच खेळण्यासाठी. रंगवलेली गोल पाने नवख्यांच्या हाती खेळायला देण्याचा मोह टाळावा. चहाचा एक थेंब किंवा फरसाणाचे तेलकट बोट पुरेसे असते, आणि एक पान बिघडले की उरलेल्या ११९ पानांना खेळ म्हणून काही किंमत उरत नाही. सरावाच्या संचातली पाने निघण्यापूर्वी मोजून घ्यावीत.

पहिला डाव १२० पानांचा मांडूच नये. तीन खेळाडूंत वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात, आणि ४० गोल पाने हातात धरून लावणे सरावलेल्या माणसालाही जड जाते. नवखा माणूस ती सावरण्यातच दमून जातो. चार रंग घ्यावेत, दोन सुलट क्रमाचे आणि दोन उलट क्रमाचे, म्हणजे ४८ पाने होतात आणि तिघांना १६-१६ पाने मिळतात. खेळ दिवसा मांडला असेल तर ज्याच्याकडे रामाच्या रंगाचा राजा त्याची पहिली उतारी, रात्री मांडला असेल तर ज्याच्याकडे कृष्णाच्या रंगाचा राजा त्याची, ही रीत लोकांना फार आवडते; म्हणून वेळेप्रमाणे राम किंवा कृष्ण त्या चार रंगांत असेल असे पाहावे. हुकमाचा वेगळा रंग नसतो. उतारी झालेल्या रंगातले सर्वांत वरचे पान हात जिंकते, आणि खेळ उजव्या हाताकडे सरकतो. पहिले दोन हात पाने उघडी ठेवून खेळावेत, आणि प्रत्येक हातानंतर कोणते पान का जिंकले हे खेळाडूंनाच पट्टीवर बोट ठेवून सांगायला लावावे. पट्टी टेबलाच्या मधोमध एकच ठेवली तर हे जमत नाही, कारण सर्वांना एकाच वेळी वाकून बघावे लागते आणि दोघांना ती उलटी दिसते. म्हणून पुन्हा लिहितो, प्रत्येकाला स्वतंत्र पट्टी.

चार रंगांचे दोन डाव झाल्यावर सहा रंगांचा, ७२ पानांचा डाव मांडावा. पूर्ण संच दुसऱ्या दिवशी. राजा खेळून गेला की प्रधान सर्वांत वरचा होतो, प्रधान गेला की त्याखालचे पान, अशी प्रत्येक रंगातली सत्ता डावभर खाली उतरत जाते, आणि कोण काय टाकून बसला हे लक्षात ठेवणाऱ्याचे पारडे जड होते. गंजिफाचा खरा रस इथे आहे. तो जाणवेपर्यंत लोक टेबलापाशी टिकले पाहिजेत, आणि ते टिकण्यासाठी कोणते पान कशाच्या वर, एवढ्या एका प्रश्नावर त्यांची सगळी बुद्धी खर्ची पडता कामा नये.

पांढरी चादर न्यावी. गोल पाने पिसता येत नाहीत, ती चादरीवर पालथी पसरून हातांनी कालवतात, आणि गुळगुळीत टेबलावरून ती घरंगळून खाली जातात. पैसे लावून खेळ होणार नाही हे दुकानदाराला आणि मुलांच्या पालकांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, कारण पत्ते म्हटले की काहींच्या कपाळावर आठ्या येतात. इतिहास दोन मिनिटांत आटोपावा: बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या एका अमिराला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीची मागे पडलेली गंजिफा रंगवण्याची कला राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात चितारी (परंपरेने रंगकाम करणाऱ्या) कलावंताकडून शिकून पुन्हा उभी केली. अधिक माहिती हवी असणारा स्वतःहून विचारतो.

दुकानदाराकडे जाण्याची तयारी वेगळी असते. हस्तकलेच्या दुकानात हा संच शोभेची वस्तू म्हणून सहज ठेवून घेतात; तिथे तो काचेमागे जातो आणि पुन्हा कोणी खेळत नाही. ज्या खेळण्यांच्या किंवा बोर्डगेमच्या दुकानात बसून खेळायला टेबल आहे, तिथे आधी जावे. रंगवलेला संच महाग असल्यामुळे तो रोखीने घ्यायला कोणी धजावणार नाही, म्हणून तो जांगड, म्हणजे विकला गेल्यावर पैसे आणि न विकल्यास माल परत या बोलीवर, ठेवण्याची तयारी असावी. मात्र किती दिवसांसाठी, दुकानदाराचा वाटा किती आणि डाग पडल्यास नुकसान कोणाचे, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. छापील संच बंद पेटीत विकायचा असेल तर पेटीवर कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, आतील पानांची संख्या आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. या गोष्टी कायद्याने बंधनकारक आहेत, आणि त्या नसलेला माल चांगला दुकानदार फळीवर ठेवत नाही. पेटी उभी राहणारी असावी. पुढचा माल किती दिवसांत मिळेल, हे कारागिराला विचारूनच सांगावे. हाताने १२० पाने रंगवणाऱ्या माणसाच्या वतीने आपण परस्पर तारखा देणे अन्यायाचे आहे.

विकायच्या प्रत्येक पेटीतही पट्ट्या घालाव्यात. एक नव्हे, तीन. ग्राहक घरी जाऊन पेटी उघडतो तेव्हा समजवायला आपण तिथे नसतो, आणि पट्टी नसेल तर आपल्या टेबलावर जे झाले तेच त्याच्या बैठकीत होईल, तेही आपल्याला न कळता. दुकानात उघड्या ठेवलेल्या सरावाच्या संचालाही तीन पट्ट्या दोऱ्याने बांधून ठेवाव्यात, कारण सुट्या पट्ट्या आठवड्याभरात नाहीशा होतात. दुकानातल्या एका नोकराला चार रंगांचा डाव शिकवावा, मालकाला नव्हे. गिऱ्हाइकाशी बोलतो तो नोकर.

त्या दिवशी वेळेआधी पोहोचावे. पाणी आणि खाणे वेगळ्या टेबलावर ठेवावे. हात पुसायला कपडा ठेवावा. पुढच्या बैठकीची तारीख उठण्यापूर्वी ठरवावी आणि येणाऱ्यांची नावे लिहून घ्यावीत. पाने परत मोजावीत, पट्ट्याही मोजाव्यात. कोणी पट्टी घरी मागितली तर ती देऊन टाकावी आणि रात्रीच नवी करून पिशवीत ठेवावी.